कपाशीला टीबीचं औषध

जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावात अँटिबायोटिक दोन दुकानांत मिळतं. एक मेडिकल, दुसरं कृषी सेवा केंद्र. मेडिकलवर डॉक्टरांची चिठ्ठी मागायची पद्धत निदान कायद्यात तरी आहे. कृषी केंद्रावर चिठ्ठीऐवजी पान चालतं. कपाशीचं.

पावसाची झड उघडली की कपाशीच्या पानांवर कोनाकार काळपट ठिपके दिसू लागतात. शेतकरी त्यातलं एक पान खुडून खिशात घालतो, मोटारसायकलला किक मारतो आणि पान काउंटरवर आणून ठेवतो. दुकानदार ते उजेडात धरतो. झाली तपासणी.

"करपा आहे, आप्पा."

"मग काय मारू भो?"

"कॉपर घ्या. अन् सोबत एक पुडी."

पुडी म्हणजे स्ट्रेप्टोसायक्लिन, सहा ग्रॅमची. त्यात ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि १० टक्के टेट्रासायक्लिन. शिफारस ग्रॅममध्ये असते, बांधावर मात्र चिमटीत मोजतात. ज्याची चिमूट मोठी त्याचा डोस मोठा. पंप पाठीवर, फडकं तोंडाला, कधी तेही नाही.

आता या स्ट्रेप्टोमायसिनचं खानदान बघा. १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स इथे अल्बर्ट शाट्झ नावाच्या विद्यार्थ्याने मातीतल्या जंतूपासून ते वेगळं काढलं. क्षयावर चालणारं हे जगातलं पहिलं अँटिबायोटिक. नोबेल मिळालं १९५२ मध्ये, आणि ते त्याच्या गुरुजींना, सेल्मन वाक्समन यांना. (आपल्याकडे पीएच.डी. करणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.) आपल्या आज्या-आजोबांच्या पिढीत टीबी झालेला माणूस कमरेत सुया घेऊन घेऊन चाळण व्हायचा, त्या सुयांत हेच असायचं. ज्या औषधासाठी एके काळी लोकांनी जमिनी गहाण टाकल्या, ते आता जमिनीवरच शिंपडतात.

ही पुडी बनवणारा कारखाना चोरटा वगैरे मुळीच नाही. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, भारत सरकारची कंपनी. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने ती उभी राहिली, ती गरिबाला स्वस्तात पेनिसिलिन मिळावं म्हणून. गरिबाला औषध पोचलं की नाही हा वेगळा विषय, गरिबाच्या कपाशीला मात्र पोचलं.

यात शेतकऱ्याला झोडपणं फार सोपं आहे, शहरातले लोक ते अधूनमधून करतातही. पण ही शिफारस शेतकऱ्याने लिहिलेली नाही. कृषीवाल्यांच्या सल्लापत्रकांत वर्षानुवर्षं कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या जोडीला ही पुडी छापून येते. डाळिंबावर तेल्या, लिंबावर खैऱ्या, कपाशीवर करपा, सगळीकडे तीच. शेतकऱ्याने त्यात स्वतःची थोडी भर घातली एवढंच. ठिपका जंतूचा आहे की बुरशीचा, हे पान उजेडात धरून कळत नाही. स्ट्रेप्टोमायसिन बुरशीला काहीही करत नाही. लाल्या झालेल्या कपाशीत तर बहुतेकदा मॅग्नेशियमची उपासमार असते, तिथे मारायला जंतूच नसतो. तरी पुडी पडते. 'राहू द्या सोबत, नुकसान तर नाही ना.'

हेच वाक्य समोरच्या दुकानातही ऐकू येतं.

मेडिकलवर माणूस नाक पुसत येतो. सर्दी विषाणूची असते आणि अँटिबायोटिक विषाणूच्या केसालाही धक्का लावत नाही. पण घरी सोयाबीन काढायला पडलंय, तीन दिवस झोपून राहायला वेळ कोणाला? "ती तीन गोळ्यांवाली द्या." तीन गोळ्यांवाली म्हणजे अझिथ्रोमायसिन ५००. देशाच्या खासगी बाजारात २०१९ मध्ये खपलेल्या सगळ्या अँटिबायोटिकच्या मात्रांमध्ये ही एकटी गोळी पहिली आली, ७.६ टक्के. दुसरी सेफिक्झिम २००, साडेसहा टक्के. त्यामुळे धरणगावने उगाच लाजू नये. या बाबतीत आपण राष्ट्रीय प्रवाहात आहोत.

सरकारने काही केलं नाही असं म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मारायला 'शेड्यूल एच-१' आहे. १ मार्च २०१४ पासून लागू. ४६ औषधं, विकताना वेगळ्या वहीत डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिलं ते सगळं लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. यादी बारकाईने वाचली की हसू येतं. झोपेच्या गोळ्या आहेत, टीबीची औषधं आहेत, सेफिक्झिम आहे. खपात पहिली आलेली अझिथ्रोमायसिन नाही. दाराला कुलूप घातलं, खिडकी उघडीच. २०१६ मध्ये पाकिटावरच्या लाल रेघेची मोहीम निघाली: ही रेघ असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका. आपल्याकडे गोळी पाकिटातून कात्रीने कापून देतात. रेघ ज्या तुकड्यावर असेल तो तुकडा दुकानातच राहतो.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी हे सगळं ११ डिसेंबर १९४५ रोजी नोबेलच्या व्याख्यानात सांगून ठेवलं होतं: एक दिवस पेनिसिलिन कुणालाही दुकानात विकत मिळेल, अडाणी माणूस ते कमी मात्रेत घेईल आणि जंतूंना तयार करेल. त्यांचा अंदाज एका बाबतीत चुकला. त्यांना फक्त माणसं दिसली. कपाशी त्यांच्या डोक्यातही आली नाही.

*

आता जंतूंच्या बाजूने बघू. त्यांचा कारभार आपल्यापेक्षा शिस्तीचा आहे.

१९९० च्या सुमारास अमेरिकेत मिशिगनमधल्या सफरचंदाच्या बागांत स्ट्रेप्टोमायसिन फवारूनही झाडं जळायला लागली. झाडाच्या जंतूत दोन जनुकं सापडली, स्ट्र-ए आणि स्ट्र-बी. ही दोघं स्ट्रेप्टोमायसिन निकामी करतात. बरं, मग? मग १९९६ मध्ये संडिन आणि बेंडर या दोन संशोधकांनी मांडून दाखवलं, की हीच जोडी झाडांच्या जंतूंत आहे, जनावरांच्या जंतूंत आहे आणि माणसांच्याही. अक्षरशः तीच. बागेचा जंतू, गोठ्याचा जंतू, दवाखान्याचा जंतू हे वेगवेगळे विभाग आपण पाडले. आपल्यासाठी कृषी खातं वेगळं, पशुसंवर्धन वेगळं, आरोग्य वेगळं. जनुकांना खातेवाटप ठाऊक नाही.

जनुकं एका जंतूतून दुसऱ्यात जातात कशी? बहुतेकदा प्लाझ्मिडवरून. जंतूच्या मुख्य गुणसूत्राबाहेर डीएनएची एक गोल कडी असते, ती तो शेजाऱ्याला देऊ शकतो, शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी. या कडीत प्रतिकाराची जनुकं एकाशेजारी एक ओवलेली असतात, किल्ल्यांच्या जुडग्यासारखी. तुम्हाला एकच किल्ली हवी असली तरी अख्खा जुडगा कमरेला येतो. म्हणजे शेतात एकट्या स्ट्रेप्टोमायसिनचा मारा केला तरी जगून वाचणाऱ्या जंतूकडे सोबत अँपिसिलिनची, क्लोरॅम्फेनिकॉलची, सल्फाचीही सोय असू शकते. त्या औषधांचं तोंडही त्याने पाहिलेलं नसतं.

हा नुसता तर्क नाही. टायफॉइडच्या जंतूची संपूर्ण जनुकीय लिपी पहिल्यांदा वाचली गेली ती २००१ मध्ये. सुमारे ४८ लाख अक्षरं. जंतू होता व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यातल्या एका रुग्णाचा, १९९३ चा. त्याच्याकडे एक भलंमोठं प्लाझ्मिड निघालं. त्यावर टायफॉइडवर तेव्हा वापरल्या जाणाऱ्या क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, ट्रायमेथोप्रिमविरुद्धची जनुकं होती, ते समजण्यासारखं आहे. पण तिथेच स्ट्र-ए आणि स्ट्र-बीसुद्धा बसलेली होती. टायफॉइडला स्ट्रेप्टोमायसिन कोणी देत नाही. पाऱ्याविरुद्धचीही जनुकं होती. टायफॉइडला पारा तर निदान ॲलोपॅथीत कोणी देत नाही.

तर धरणगावच्या पुडीने धरणगावच्या कुणाचा टायफॉइड बिघडवला का? मी तसं म्हणत नाही. तसं म्हणायला नमुना लागतो. आणि नमुना घ्यायचाच नाही, असं आपलं सगळ्यांचं मिळून ठरलेलं आहे.

*

टायफॉइड इथे का असतो, याचं उत्तर गावातलं शेंबडं पोरही देईल: पाणी. नळाला पाणी कधी येणार, हा बालकवींच्या या गावात वर्षानुवर्षं निवडणुकीचा मुद्दा आहे. राज्याचे पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री गुलाबराव पाटील याच तालुक्यातल्या पाळधीचे. अख्ख्या महाराष्ट्राची तहान डोक्यावर असताना घराकडे थोडं दुर्लक्ष होणारच, कर्त्या पुरुषाचं होतंच.

पाणी रोज न येण्याची भानगड नुसत्या गैरसोयीची नाही. जलवाहिनी भरलेली असते तेव्हा आतला दाब घाणीला बाहेर ठेवतो. पाणी बंद झालं, की रिकामा पाइप प्रत्येक फुटक्या सांध्यातून बाहेरचं ओढून घेतो, आणि शेजारून गटार वाहत असलं तर गटार. मग पाणी आलं की पहिली धार तीच. पुढे ते टाक्यांत, पिंपांत, हंड्यांत दिवसेंदिवस साठवायचं आणि हात बुडवून काढायचं. टायफॉइडचा जंतू फक्त माणसात राहतो. त्याला एका माणसाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात जायला हाच रस्ता लागतो. राष्ट्रीय महामार्ग ५३ चं चौपदरीकरण रखडलं तेव्हा किती मोर्चे निघाले! या रस्त्याची देखभाल मात्र आपण विनातक्रार करतो.

ताप आला. मग काय होतं? विडाल. १८९६ मध्ये पॅरिसच्या फर्नांद विडाल यांनी काढलेली तपासणी. पॅरिसमध्ये ती कधीच मागे पडली, आपल्याकडे तिची भरभराट आहे. काचेवर रक्तातल्या सीरमचा थेंब, त्यात थेंबभर द्रव, हलवायचं, गुठळ्या दिसल्या की टायफॉइड. काही मिनिटांत. ज्या भागात टायफॉइड कायम असतो तिथे निरोगी माणसाचं रक्तही गुठळ्या दाखवतं, आधी कधी होऊन गेला असेल तरी दाखवतं, मलेरियातही दाखवू शकतं. पण रिपोर्टवर '१:१६०' असं लाल शाईत आलं, की घरातले गंभीर होतात आणि बाटली लागते. बाटलीत सेफ्ट्रिआक्सोनचं इंजेक्शन. तीन दिवसांनी उतरला ताप. टायफॉइड होता म्हणून उतरला, की डेंग्यू होता म्हणून आपणहून उतरला, हे कळायला काहीच मार्ग नाही. श्रेय मात्र बाटलीला.

खरी तपासणी म्हणजे रक्ताचं कल्चर. पाच-दहा मिलिलिटर रक्त, तेही अँटिबायोटिक पोटात जायच्या आधी, बाटलीत वाढवायचं, जंतू उगवला तर त्याच्यावर एकेक औषध लावून बघायचं. दोन-चार दिवस जातात. चांगल्या हातातही दहातले चार खरे रुग्ण सुटतात. आणि इथे तर रुग्ण डॉक्टरकडे पोचतो तोवर तीन गोळ्यांवाली खाऊन आलेला असतो. बाटलीत मग उगवणार काय?

कल्चर नाही तर जंतू नाही. जंतू नाही तर जनुकीय वाचन कशाचं करणार?

आणि वाचन काय काय सांगतं, ते ऐकलं की जळफळाट होतो. टायफॉइडच्या जंतूची लिपी इतकी हळू बदलते, की दोन वर्षांत जेमतेम एखादं अक्षर. त्यामुळे दोन रुग्णांच्या जंतूंत किती अक्षरांचा फरक आहे, त्यावरून कोण कोणाचा भाऊबंद आणि कधी वेगळे झाले, हे काढता येतं. २०२२ मध्ये 'लॅन्सेट मायक्रोब'मध्ये असाच एक मोठा अभ्यास आला. बांगलादेश, भारत, नेपाळ, पाकिस्तानातले ३,४८९ नवे जंतू वाचले आणि जुन्यांशी ताडून पाहिले. १९९० पासून औषधांना दाद न देणारे टायफॉइडचे जंतू किमान १९७ वेळा एका देशातून दुसऱ्यात गेले, बहुतेकदा निघाले ते दक्षिण आशियातून. आपली निर्यात कापसाचीच आहे असं उगाच म्हणतात.

पाकिस्तानात सिंध प्रांतातल्या हैदराबादला २०१६ च्या शेवटी जो टायफॉइड सुरू झाला, त्याला सेफ्ट्रिआक्सोनही लागू पडेना. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांत अझिथ्रोमायसिन तेवढी उरली. वाचन केलं तेव्हा दिसलं, की टायफॉइडच्या जंतूने आपल्याच आतड्यात नांदणाऱ्या ई. कोलायकडे असतं तसलं प्लाझ्मिड घेतलंय. मुंबईतल्या काही रुग्णांतही असे उसनवारी केलेले टायफॉइडचे जंतू सापडले आहेत. सापडले कारण मुंबईत कोणीतरी कल्चर लावलं होतं. आणि ती शेवटची उरलेली गोळी कोणती, ते परत वाचा. तीच, नाक पुसत मागितलेली.

नवी मुंबईची गोष्ट याहून बोलकी. २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या महापालिकेने टायफॉइडची नवी संयुक्त लस नऊ महिने ते चौदा वर्षांच्या १ लाख १३ हजारांवर मुलांना टोचली. सरकारी कार्यक्रमातून ही लस देण्याचा हा जगातला पहिला प्रयोग. सोबत दवाखान्यांत रक्ताचं कल्चर, रुग्णांची मोजदाद, सगळं लावलं. नवी मुंबईत टायफॉइड होता म्हणून लस गेली, असं कोणी समजू नये. टायफॉइड कुठे नाही? तिथे तो मोजला गेला.

जंतूंच्या औषध-प्रतिकारावर नजर ठेवणारं देशाचं एक जाळं आहे. आयसीएमआरने ते २०१३ मध्ये उभारलं, त्याचे अहवाल दरवर्षी येतात. त्यांतले जंतू मुख्यतः मोठमोठ्या रुग्णालयांतले. म्हणजे नकाशावर ठिपका दिसतो तो जंतू असेल तिथे नव्हे, प्रयोगशाळा असेल तिथे. खान्देशच्या जागी बहुधा कोरा कागद. आणि कोरा कागद बघून अधिकाऱ्यांना फार बरं वाटतं: तुमच्याकडे काही नाहीच की! जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गिरणा ओलांडून धरणगावकडे निघालं की विद्यापीठ लागतं, त्यात जीवशास्त्राची प्रशाळा आहे. बहिणाबाईंचं नाव दिलंय विद्यापीठाला. शेतातलं काय ते त्या बाईंना कोणी शिकवायची गरज पडली नव्हती.

एक बातमी मात्र चांगली आहे, सांगून टाकतो. भारतातल्या टायफॉइडच्या जंतूंवर क्लोरॅम्फेनिकॉल आणि अँपिसिलिन ही जुनी औषधं पुन्हा चालायला लागली आहेत. १९९० च्या सुमारास ती निकामी झाली, डॉक्टरांनी सोडून दिली, सगळे सिप्रोफ्लॉक्सासिनकडे वळले. वापर थांबला तसा तो जुना जुडगा बाळगणारे जंतू मागे पडले. दरम्यान सिप्रोला मात्र देशातले जवळजवळ सगळे टायफॉइडचे जंतू पुरून उरले. म्हणजे थांबलं की फरक पडतो. फक्त हे थांबणं कुणाच्या धोरणाने झालेलं नाही. बाजारात नवी गोळी आली, जुनीत कमाई उरली नाही, म्हणून झालं.

धोरणाने थांबवायचंही एकदा ठरलं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने मसुदा काढला: स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचा शेतीतला वापर १ जानेवारी २०२४ पासून पूर्ण बंद. ती तारीख कॅलेंडरवर आली आणि गेली. पुडी अजून मागितली की मिळते.

गावातल्या एका लॅबवाल्या पोराला विचारलं, कल्चर करतोस का रे? म्हणाला, "करतो ना काका. बाटली जळगावला पाठवतो, रिपोर्ट मोबाइलवर येतो."

"मग पेशंट काय म्हणतात?"

"पेशंट कुठे असतो? रिपोर्ट येईपर्यंत बरा होऊन फवारणीला गेलेला असतो, नाहीतर त्याला नाशिकला हलवलेलं असतं."

"आणि रिपोर्ट?"

"तो डॉक्टरांना फॉरवर्ड करतो. डॉक्टर अंगठा पाठवतात."